खाटेवर मांडलेले पुस्तक

वत्सलाबाई दातीर यांना मी प्रथम पाहिले तेव्हा त्या एका खाट विणणाऱ्याशी वाद घालत होत्या. जयपूरच्या तिलक नगरातल्या त्यांच्या घराच्या अंगणात एक जुनी लाकडी खाट आडवी उभी केलेली होती, चाकसूहून आलेला एक वयस्कर कारागीर तिला निवारीची नवी पट्टी ओढत होता, आणि बाई स्टुलावर बसून त्याला हिंदीत विचारत होत्या, की एक पाय चार वर्षांपूर्वी बदलला, दोन दांडे मागच्या वर्षी बदलले, आज निवार बदलली, मग ही खाट जुनी कशी? त्या माणसाने हात न थांबवता उत्तर दिले, "माताजी, खाट तो वही है. बस, सोने वाला चला गया."

बाई फाटकाशी उभ्या असलेल्या माझ्या वडिलांकडे आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "ऐकलंत? हा माणूस माझ्यापेक्षा सरळ बोलतो." ती खाट त्यांच्या पतींची होती, ज्यांना सगळे नाना म्हणत, आणि नानांना जाऊन तेव्हा आठच महिने झाले होते, हे आम्हांला नंतर कळले.

माझे वडील रेल्वेच्या सिग्नल विभागात आहेत. बारावीपर्यंत माझे सारे शिक्षण अकोल्याला मराठी माध्यमातून झाले. मी केंद्रात पहिली आले आणि त्याच उन्हाळ्यात वडिलांची जयपूरला बदली झाली. इथल्या महाविद्यालयात तत्त्वज्ञान हिंदीतून शिकवत, पुस्तके इंग्रजी असत, आणि मी तीन महिने वर्गात एक शब्दही उच्चारला नव्हता. तत्त्वज्ञानाच्या एक निवृत्त विभागप्रमुख मराठी आहेत, असे वडिलांना कोणीतरी सांगितले. त्या रविवारी ते मला स्कूटरवर मागे बसवून घेऊन आले.

"मुलगी हुशार आहे," वडील म्हणाले, "पण बोलत नाही."

"बरं आहे," बाई म्हणाल्या. "बोलणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत."

ते खरेच होते. दर रविवारी सकाळी बाईंच्या बैठकीत सातआठ माणसे जमत. कोणी बँकेतले, कोणी विद्यार्थी, आणि विमा खात्यातून निवृत्त झालेले आदर्श नगरचे कुलकर्णीकाका, जे प्रत्येक वेळी उशिरा येत आणि प्रत्येक वेळी वर्गच लवकर सुरू झाल्याची तक्रार करीत. विषय एकच असे: साधी वस्तू. बाईंच्या मते तत्त्वज्ञानात सर्वांत अवघड तीच. ईश्वराविषयी आणि आत्म्याविषयी कोणीही बोलतो, समोरच्या कपाविषयी बोलून दाखवा, असे त्या म्हणत. हा कप म्हणजे मातीचे कण का? कण तर कप होण्यापूर्वीही होते. मग कणांहून वेगळे असे काही नवे जगात आले का? आले असेल तर ते कुठे असते? कान तुटला तर तोच कप राहतो, बूड गेले तर राहत नाही. ही सीमा कोणी ठरवली, आपण की कपाने?

"बाई," कुलकर्णीकाका म्हणत, "कप आहे की नाही याचा निकाल लागेपर्यंत चहा निवतोय. मी पिऊन टाकू का?"

"प्या. पण परत ठेवताना तोच कप ठेवलात हे कशावरून, ते सांगून जा."

"मी चाळीस वर्षं मेलेल्या माणसांचे दावे तपासलेत. तोच माणूस कशावरून, हा प्रश्न आता तरी मला विचारू नका!"

हसणे ओसरले की बाई पुढे जात. जागा ही एक रिकामी पेटी, काळ हा एक वाहता प्रवाह, आणि वस्तू त्यांत ठेवलेल्या, अशी आपली समजूत असते. बाईंना ती मान्य नव्हती. वस्तूच नसतील तर 'इथे' आणि 'तिथे' यांना काही अर्थ उरत नाही. काहीच बदलत नसेल तर 'आधी' आणि 'नंतर' यांनाही उरत नाही. आणि कुठे व केव्हा हे वगळून वस्तूचा विचारही करता येत नाही. म्हणून दिक्, काल आणि वस्तू ही तीन प्रकरणे नव्हेत, ते एकच प्रकरण आहे, आणि आपण अभ्यासाच्या सोयीसाठी त्याचे तीन तुकडे केले तिथेच चुकलो, हा त्यांच्या आयुष्यभराच्या विचाराचा गाभा. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले होते, की ते मला कळले आहे असे मला वाटत असे.

आपल्याकडे हा वाद जुना आहे. न्यायदर्शनाचे पंडित, नैयायिक, म्हणत, अवयवांहून अवयवी, म्हणजे त्यांची मिळून झालेली अखंड वस्तू, निराळा असतो. बौद्ध दार्शनिक म्हणत, अवयवांपलीकडे काही नाही, आणि अवयवही क्षणोक्षणी नवे. बाई नैयायिकांच्या बाजूच्या. आमच्या घरी रोज संध्याकाळी बुद्धवंदना होते हे त्यांना समजले, तेव्हा त्यांनी मला माझ्या कोपऱ्यातून उठवले. "मित्रा, तू समोर बस. माझ्या समोरच्या बाजूला. तुमच्याकडच्या पंडितांनी आमच्या पंडितांना शेकडो वर्षं झोपू दिलं नाही. तू निदान रविवारी मला जागं ठेव." माझे नाव संघमित्रा, त्या दिवसापासून मी बाईंची मित्रा झाले. ज्या मुलीला तोंड उघडता येत नव्हते तिच्यावर त्यांनी विरोध करण्याचे काम सोपवले. मी चाचरत काही बोलले की त्या ते नीट, भक्कम करून पुन्हा मांडत, इतके भक्कम की त्यांनाच उत्तर देताना कष्ट पडत, आणि मग सर्वांना सांगत, "हे मित्राचं म्हणणं आहे."

त्यांच्या सचोटीची एक आठवण सांगितली पाहिजे. एका रविवारी विषय काळाचा होता. केवळ वर्तमानच अस्तित्वात असतो, असे एक मत. दुसरे मत असे, की सारे क्षण सारखेच खरे असतात. गाडी पुढे गेली म्हणून मागचे स्टेशन पुसले जात नाही. रेल्वेच्या घरातली असल्याने मला हे दुसरे मत एकदम जवळचे वाटले, आणि मी कधी नव्हे ते आपणहून बोलले. "मग नानाही आहेत, बाई. फुलेरा स्टेशन मागे पडलं तरी असतंच की. तसे."

मला त्यांना बरे वाटावे एवढेच हवे होते. बाई म्हणाल्या, "ते सिद्ध झालेलं नाही, मित्रा." आणि पुढे, "ते खरं असावं असं मला फार वाटतं. म्हणूनच मी त्याच्याकडे जास्त संशयाने बघते. आपलं दुःख हा काही पुरावा नव्हे." मग त्यांनी त्या मताविरुद्धचे सर्वांत बळकट तीन आक्षेप एकेक करून मांडले. वर्ग संपल्यावर त्या बराच वेळ नळाखाली कप धूत राहिल्या. कप आधीच स्वच्छ झाले होते.

माझ्या एम.ए.च्या पहिल्या वर्षी वडिलांची बदली आबूरोडला झाली. वसतिगृहात जागा नव्हती; शिक्षण सुटणार असे दिसत होते. बाईंनी वडिलांना बोलावून घेतले आणि ती माझ्याकडे राहील, एवढेच सांगितले. वडील संकोचले. बाई मला आत स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "हा पाण्याचा माठ. ही डाळीतांदळाची कपाटं. एकदा दाखवलं, आता पुन्हा विचारायचं नाही. आणि वडिलांना पाणी दे, उन्हातून आलेत." मी माठातून पाणी घेतले आणि बाहेर नेऊन दिले. वडिलांनी तो पेला दोन्ही हातांनी धरला आणि ते पाणी प्याले. परत जाताना फाटकापाशी त्यांनी मला एवढेच म्हटले, "इथं नीट राहा. बाईंच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस." माझ्या आजोबांच्या वाट्याला पाणवठ्यावर कोणती वागणूक आली होती, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना वडिलांच्या त्या दोन हातांचा अर्थ मी सांगायला नको.

बाईंचे पुस्तक मी जवळून पाहिले ते या राहण्याच्या काळात. आपणा सर्वांना ठाऊक आहे, की तीस वर्षे शिकवूनही बाईंनी एकही ग्रंथ प्रसिद्ध केला नव्हता. निवृत्तीनंतर त्या एकाच पुस्तकावर काम करीत होत्या, आणि ते मराठीत होते. पण ते पानांवर लिहिलेले नव्हते. ते नानांच्या खाटेवर मांडलेले होते.

लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंचे तुकडे कापून बाई त्यांवर तीनचार शब्द लिहीत, आणि तो तुकडा खाटेवर घट्ट ताणलेल्या चादरीवर योग्य त्या जागी ठेवून त्यावर वाटाण्याएवढा खडा ठेवीत. उशाकडून पायथ्याकडे युक्तिवाद उतरत जाई. एकमेकांशी भांडणारे विचार शेजारी असत. मध्ये सोडलेल्या रिकाम्या जागेचा अर्थ, 'हे मला अजून समजलेले नाही'. चिठ्ठ्यांवर क्रमांक नव्हते. मी एकदा सुचवले होते, घालून देऊ का? "नको," त्या म्हणाल्या. "क्रमांक घातला की एकामागून एक असंच वाचावं लागतं. मला शेजारशेजारचं हवं."

त्याच सुमारास त्यांचा काचबिंदू वाढत चालला होता. स्वतःचे अक्षर त्यांना दिसेनासे झाले, तरी पुस्तक थांबले नाही. त्या खाटेशेजारी बसत, हाताने खडे चाचपत आणि म्हणत, "खिडकीकडची तिसरी ओळ, इथे 'उंबरठा' आहे ना?" मी वाकून पाही, 'उंबरठा'च असे. आता लिहून काढायला घेऊ, एक वर्षात होईल, असे त्यांनी ठरवले होते. डोळ्यांना तेवढीच मुदत होती.

पुढे जे लिहिते आहे ते आजवर आम्हा तिघांपलीकडे कोणालाही ठाऊक नाही. दृष्टी गेल्यामुळे बाईंचे पुस्तक राहिले, असे सर्वत्र मानले जाते. बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनीही मला पाठवलेल्या पत्रात तसेच म्हटले होते. ते खरे नाही. मी बाईंना विचारले, हे लिहू का? त्या म्हणाल्या, "लिही. आंधीला दोष देऊ नकोस आणि स्वतःला शिव्या घालत बसू नकोस. काय झालं ते क्रमाने लिही."

मे महिन्याची दुपार होती. कुलकर्णीकाका बाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. मी घरी एकटी होते. चारच्या सुमारास आकाश पिवळे झाले आणि आंधी आली, इकडचे धुळीचे वादळ. खिडकीची कडी निसटली, काच फुटली, आणि मी खोलीत पोचले तेव्हा कडेच्या काही चिठ्ठ्या उडत होत्या. मी घाबरले. खिडकीला पाट लावण्याऐवजी मी दोन्ही हातांनी खाटेवरच्या सगळ्या चिठ्ठ्या गोळा केल्या, ओढणीत बांधल्या, मग जमिनीवरच्या, अंगणातल्या, बोगनवेलीत अडकलेल्या शोधून आणल्या. बाईंच्या वहीत चिठ्ठ्यांची संख्या टिपलेली होती, सहाशे बारा. मी मोजल्या. सहाशे बारा भरल्या. वादळ अर्ध्या तासात संपले.

उडाल्या होत्या त्या फार तर चाळीस. बाकीच्या सगळ्या आपापल्या खड्याखाली जागच्या जागी होत्या. त्या मी उचलल्या.

आणि तेवढ्यावर मी थांबले नाही. प्रत्येक चिठ्ठी फडक्याने पुसली. मग आयुष्यभर जे करून मी पहिली येत आले तेच केले: त्या विषयवार लावल्या. दिक् एका बाजूला, काल दुसऱ्या, वस्तू तिसऱ्या. तीन गठ्ठे केले, दोऱ्याने बांधले, वर शीर्षके लिहिली.

बाई आल्या तेव्हा मी दारातच सांगितले, "बाई, मोठी आंधी आली होती. पण एकही चिठ्ठी गेली नाही. सगळ्या नीट लावून ठेवल्यात."

"कशा लावल्यास?"

"विषयवार."

कुलकर्णीकाका "अरे देवा" म्हणाले, अगदी हळू. त्यांच्या चेहऱ्यावरून मला समजायला सुरुवात झाली. बाई भिंतीच्या आधाराने आत गेल्या. उशापासून पायथ्यापर्यंत त्यांनी चादरीवरून तळवा फिरवला. मग पुन्हा एकदा फिरवला. चादर स्वच्छ होती. ती मी झटकली होती.

"तुला लागलं नाही ना कुठे?" त्यांनी विचारले. "पायाखाली काच कचकचते आहे."

मी नाही म्हणाले. त्यांनी तिन्ही गठ्ठे मागून घेतले, एकेक हातात तोलून पाहिला, आणि म्हणाल्या, "सगळ्या आहेत खऱ्या." नंतर त्या खाटेवर बसल्या. त्या खाटेवर त्यांना बसलेले मी तोपर्यंत कधी पाहिले नव्हते.

पुढचे पाच महिने आम्ही ते पुस्तक पुन्हा मांडण्याचा प्रयत्न केला. मी एकेक चिठ्ठी वाचायची, बाईंनी तिची जागा आठवायची. पहिले काही आठवडे पुष्कळ आठवले. मग एक चिठ्ठी निघाली: 'माठ पाझरतो, म्हणून –'. बाईंनी विचारले, "याच्या शेजारी काय होतं गं?" मला सांगता आले नाही. जवळजवळ वर्षभर मी रोज त्या खाटेभोवती केर काढत होते, हवे ते शब्द शोधून देत होते, पण शेजारी काय आहे हे मी कधी पाहिलेच नव्हते. तीनचार शब्दांच्या चिठ्ठीचा उरलेला अर्थ तिच्या शेजाऱ्यांत असे, आणि शेजारी गेल्यावर बाईंना स्वतःचेच शब्द परके झाले. दिवाळीच्या आधी एका दुपारी त्या म्हणाल्या, "पुरे. आता मी आठवत नाही, रचते आहे. ते खोटं होईल."

मी रडत म्हणाले, "बाई, चिठ्ठ्या तर सगळ्या आहेत. पुस्तक त्यांच्यातच कुठेतरी आहे."

"हे तू बोलायलाच हवं. समोरच्या बाजूची तू," त्या म्हणाल्या, आणि किंचित हसल्या. "अवयव सगळे आहेत, मित्रा. अवयवी नाही. असं उदाहरण मी तीस वर्षं शोधत होते. एवढं महाग नको होतं."

त्यानंतर या विषयावर त्या माझ्याशी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. रविवारचा वर्गही चुकला नाही. पुढच्याच रविवारी, मी कोपऱ्यात बसले तेव्हा, त्यांनी नजर नसलेला चेहरा त्या दिशेला वळवून सांगितले, "मित्रा, तुझी जागा समोर आहे." माझी एम.ए.ची परीक्षा झाली. मी पहिली आले. निकाल ऐकून त्यांनी पेढे मागवले, आणि ते वाटताना कुलकर्णीकाकांना एक शब्दही वाकडा बोलू दिला नाही. काका बोलणारही नव्हते. आंधीच्या त्या दुपारनंतर त्यांनी मला कधी टोमणा मारलेला नाही, आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

आज बाईंच्या डाव्या डोळ्याला काही दिसत नाही, उजव्याला खिडकी कुठे आहे एवढे कळते. गेल्या हिवाळ्यापासून त्या पुन्हा सांगत आहेत आणि मी लिहिते आहे. टेपरेकॉर्डर आणून दिला होता, तो त्यांनी परत केला: "त्याला प्रश्न पडत नाहीत." रोज सकाळी दोन तास बसतो. कधी एक परिच्छेद होतो, कधी कालचाच खोडला जातो. पहिले पंधरा दिवस झाले तेव्हा मी आनंदाने म्हणाले, की ते पुस्तक परत येते आहे.

"नाही," बाई म्हणाल्या. "ते गेलं. हे दुसरं आहे. त्याची आठवण म्हणून याला त्याचं नाव देऊ नकोस. याच्यावर अन्याय होईल."

माझ्या मनाचे समाधान करणे त्यांना सहज शक्य होते. नानांच्या बाबतीत त्यांनी स्वतःचे समाधान करून घेतले नव्हते. माझ्या बाबतीतही त्यांनी खोटे सांगितले नाही. मला त्यांच्याकडून जे काही मिळाले त्यात हे सर्वांत कठोर आहे, आणि त्यासाठी मी त्यांची सर्वांत जास्त ऋणी आहे.

या महिन्यात बाई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. लेखाच्या शेवटी मी त्यांना दीर्घायुष्य चिंतिले होते. कच्चा खर्डा वाचून दाखवला तेव्हा त्यांनी मला तिथे अडवले. "दीर्घ म्हणजे किती? मोघम लिहू नकोस."

म्हणून हिशेबाने लिहिते. वर्षभरात एक प्रकरण झाले आहे. बाईंच्या मनात दहा आहेत. तेव्हा त्यांना अजून नऊ वर्षे हवीत. त्या नऊ वर्षांत त्यांचा आवाज असाच स्पष्ट राहो, कान तीक्ष्ण राहोत, सकाळी दोन तास ताठ बसण्याइतके बळ पाठीत राहो, आणि माझे वाक्य चुकले तर ते खोडायला सांगण्याचा कंटाळा त्यांना कधी न येवो. दृष्टीविषयी डॉक्टरांनी जे सांगितले ते आम्ही मान्य केले आहे. तिच्यासाठी काही मागत नाही. आपण सर्वांनी मिळून ही नऊ वर्षे त्यांच्यासाठी मागावीत, अशी विनंती आहे.

हेही वाचून दाखवले. बाईंनी बोटांवर हिशेब केला.

"दहा लिही," त्या म्हणाल्या. "मध्येमध्ये मी आजारी पडते."

दहा.